एकच तांब्या, तीन उत्तरं

भांडी बाजारात मिळतो तसा तांब्याचा एक तांब्या डोळ्यांसमोर आणा. वजन ४०० ग्रॅम, आत पाणी मावतं बरोबर एक लिटर. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवली आहे. बादलीतून जे पाणी सांडेल ते परातीत जमा होईल आणि ते आपण मोजणार.

तांब्या तिरका करून, आत पाणी शिरू देऊन बादलीच्या तळाशी जाऊ दिला तर परातीत जेमतेम ४५ मिलिलिटर पाणी येईल. चहाचा छोटा कटिंगसुद्धा भरणार नाही. तोच तांब्या रिकामा, तोंड वर ठेवून अलगद पाण्यावर तरंगत सोडला तर ४०० मिलिलिटर. आणि पालथा धरून, आतल्या हवेसकट दाबून बुडवला तर लिटरभराहून थोडं जास्त.

वस्तू एक, बादली एक आणि उत्तरं तीन. तिन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्या वेळी आपण विचारलं, यातल्या धातूने किती जागा व्यापली आहे? तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, म्हणून ४०० भागिले ८.९६, म्हणजे सुमारे ४५ घन सेंमी. दुसऱ्या वेळी पाण्याने घनफळ सांगितलंच नाही, वजन सांगितलं, कारण तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी सारते. तिसऱ्या वेळी धातू आणि आत कोंडलेली हवा, दोघांची मिळून जागा कळली.

'वस्तू पाण्यात टाका, जेवढं पाणी वर येईल तेवढं तिचं घनफळ' हे वाक्य आपण सगळे शाळेत शिकलो. ते अर्धंच आहे. पाणी फक्त एकच गोष्ट पाळतं: त्याच्या पृष्ठभागाखाली जेवढी जागा अडवली गेली, तेवढंच ते बाजूला सरतं. ती जागा कशाने अडवली, धातूने, हवेने की बुडवणाऱ्याच्या बोटांनी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बोटांचा उल्लेख गमतीने केलेला नाही. वस्तू हाताने दाबून धरली तर मनगटापर्यंतचा हातही हिशेबात येतो, आणि तो लहान नसतो. दाबायचंच असेल तर विणकामाची सुई किंवा बारीक तार वापरावी.

टाकीचा हिशेब

आयताकृती टाकी आतून ५० सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद आहे. तिच्यात काळ्या पाषाणाचा एक ओबडधोबड दगड सोडला आणि पाणी दीड सेंटिमीटर चढलं. चढलेलं पाणी म्हणजे टाकीभर पसरलेली दीड सेंटिमीटर जाडीची एक लादी. तिचं घनफळ काढायला पट्टी पुरते: ५० गुणिले ४० गुणिले १.५, म्हणजे ३००० घन सेंमी, म्हणजे तीन लिटर. दगडाला कितीही कोपरे, खाचा असोत, त्याचं घनफळ तीन लिटर.

यात टाकीत आधी किती पाणी होतं हा आकडा कुठेच लागला नाही. गणिताच्या पुस्तकात तो हमखास दिलेला असतो, 'टाकीत २० सेंमी उंचीपर्यंत पाणी आहे' वगैरे, आणि मुलं तो कुठेतरी गुणायला बघतात. त्याचा उपयोग एवढाच की दगड पूर्ण बुडेल इतकं पाणी आहे का, आणि चढल्यावर ते काठावरून सांडणार तर नाही ना, हे तपासता येतं.

पण वस्तू पूर्ण बुडत नसेल तर तोच आकडा महत्त्वाचा होतो. त्याच टाकीत १५ सेंमी पाणी आहे आणि आपण २० गुणिले २० सेंमी तळाचा, ४० सेंमी उंच दगडी खांब उभा केला. आता पाण्याला पसरायला २००० ऐवजी १६०० चौरस सेंमीच जागा उरली. पाणी आहे तेवढंच, ३०,००० घन सेंमी, म्हणून नवी उंची १८.७५ सेंमी. वाढ ३.७५. तिला २००० ने गुणलं की ७५०० घन सेंमी येतात. खांबाचं खरं घनफळ मात्र १६,००० आहे. मग ७५०० कसले? बुडालेल्या भागाचे: ४०० गुणिले १८.७५, बरोबर ७५००. नियम चुकला नाही, आपण त्याला भलताच प्रश्न विचारला.

टाकी गोल असेल, समजा घरचा निळा ड्रम, तर लांबी-रुंदीऐवजी आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ घ्यायचं. आतून ६० सेंमी व्यासाच्या ड्रमचं क्षेत्रफळ २८२७ चौरस सेंमी, म्हणजे पाणी एक सेंमी चढलं की २.८३ लिटर. व्यास आतलाच मोजावा, ड्रमच्या भिंतीची जाडी घनफळात घुसवू नये.

आता अचूकपणाचं बघू. त्याच मोठ्या टाकीत १०० घन सेंमीचा छोटा दगड टाकला तर पाणी अर्धा मिलिमीटर चढेल. पट्टीवर तो कोण वाचणार? तोच दगड आठ सेंमी व्यासाच्या काचेच्या बरणीत टाका, पाणी दोन सेंटिमीटर चढेल. म्हणून भांडं निवडताना वस्तू जेमतेम आत जाईल असं, शक्य तितकं अरुंद निवडायचं. काचेलगत पाणी किंचित वर चढलेलं दिसतं, तिथे वाचायचं नाही. मधल्या खोलगट भागाची खालची पातळी, डोळा तिच्या समोर आणून वाचायची. काठोकाठ भरून सांडलेलं पाणी मोजण्याची पद्धत दिसायला सोपी, पण पाणी काठावर फुगून थोपून राहतं आणि मग एकदम ओघळतं, तेव्हा चार-दोन मिलिलिटर इकडचे तिकडे होतातच. तांब्याच्या ४५ मिलिलिटरमध्ये ते परवडणारे नाहीत.

मुकुटाची गोष्ट आणि वजनकाटा

हा विषय निघाला की आर्किमिडीज येतोच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं सिराक्यूज, राजा हिएरो, सोनाराने मुकुटात चांदी मिसळल्याचा संशय, न्हाणीघरात सुचलेली युक्ती आणि 'युरेका'. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवली म्हणून, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झाला. गोष्ट छान आहे, पण घनफळ शिकवायला ती घ्यावी असं मला वाटत नाही. कारण हिशेब करून पाहिला की ती लटपटते.

मुकुट एक किलोचा धरू. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणजे घनफळ सुमारे ५२ घन सेंमी. सोनाराने ३०० ग्रॅम सोनं काढून तेवढीच चांदी घातली, चांदीची घनता १०.५, तर घनफळ होईल सुमारे ६५. फरक १३ घन सेंमी. मुकुट मावेल असं भांडं निदान २० सेंमी व्यासाचं लागणार. त्यात १३ घन सेंमीने पाणी चढेल ०.४ मिलिमीटर. काठावर फुगलेलं पाणी, मुकुटाच्या नक्षीत अडकलेले बुडबुडे, हाताला लागून गेलेले थेंब, या सगळ्यांत हा फरक केव्हाच बुडून जातो. चोरी तीस टक्के होती म्हणून एवढा तरी दिसला. दहा टक्के असती तर सोनार निर्धास्त झोपला असता.

ही अडचण गॅलिलिओनेही ओळखली होती. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लिहिलं की आर्किमिडीजने पातळी मोजली नसावी, तराजू वापरला असावा. वस्तू हवेत तोला, मग पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. पाण्यात वजन जितके ग्रॅम कमी भरलं तितके घन सेंमी तिचं घनफळ, कारण बाजूला सरलेल्या पाण्याच्या वजनाइतकंच बल पाणी वस्तूला वर लावतं आणि एक घन सेंमी पाण्याचं वजन एक ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात ज्याला प्लावक बल म्हणतात ते हेच. मुकुटातला १३ घन सेंमीचा फरक आता १३ ग्रॅमचा झाला. सराफ बाजारातला कुठलाही काटा तो डोळे झाकून दाखवेल.

घरी करायचं असेल तर याहून सोपी रीत आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरे. त्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तूला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला टेकणार नाही अशी हातात धरून ठेवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंमी वस्तूचं घनफळ. झालं. ना क्षेत्रफळ, ना पट्टी, ना अरुंद बरणी.

दोरा तर आपल्या हातात आहे, वजन आपण पेललंय, मग काटा वाढतोच का? पाणी वस्तूला वर ढकलतं, तेव्हा वस्तूही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलते. ते खालचं ढकलणं भांड्यामार्फत काट्यापर्यंत पोचतं. आता दोरा सैल सोडा, वस्तू तळाला टेकू द्या. काटा तिचं पूर्ण वजन दाखवेल. समजा पाषाणाचा तुकडा लोंबकळताना २१२ दिसले आणि टेकल्यावर ६०४, तर घनता ६०४ भागिले २१२, म्हणजे २.८५. नाशिकच्या आसपासचा घट्ट काळा बेसॉल्ट असाच भरतो. एका भांड्यात घनफळही कळलं, वजनही, घनताही. शाळांनी मोजपात्राच्या जोडीला हा प्रयोग ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

तरंगणाऱ्या वस्तूलाही हेच भांडं चालतं. तरंगू द्या, काटा वजन सांगेल. सुईने टोचून पूर्ण पाण्याखाली दाबा, काटा घनफळ सांगेल. पाणी खोलीच्या तापमानाचं असलं तरी हरकत नाही: २५ अंशांना एक लिटर पाणी ९९७ ग्रॅम भरतं, म्हणजे हजारात तीनची चूक. स्वयंपाकघरातल्या कामाला ती मोजूही नये. आणि हो, या पद्धतीने सोन्याची परीक्षा करायला बसू नका. टंगस्टनची घनता सोन्याला इतकी खेटून आहे की आत टंगस्टन भरलेला दागिना पाण्याला पत्ता लागू देत नाही.

पाणी पिणारे, विरघळणारे

शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करताना जरा निरखून बघा. मूर्ती आत गेली की पातळी चढते, मग बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटतात आणि पातळी हळूहळू थोडी उतरते. मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि तिथे पाणी शिरतं. म्हणजे सुरुवातीला छिद्रांसकट घनफळ दिसत होतं, नंतर फक्त मातीच्या कणांचं. दोन्हींच्या मधला कुठलाही आकडा त्या क्षणापुरता.

भाजलेल्या विटेचंही तेच, फक्त ती विरघळत नाही. विटेचं बाहेरून घनफळ हवं असेल तर आधी तिला दिवसभर पाण्यात ठेवावं, पोटभर पिऊ द्यावं, मग फडक्याने वरवर पुसून मोजावं. मातीच्या ढेकळाला प्रयोगशाळेत वितळलेल्या मेणाचा पातळ थर देतात आणि मेणाचं घनफळ नंतर वजा करतात. साखर, गूळ, मीठ यांचा तर पाण्याशी मोजणीपुरताही संबंध ठेवता येत नाही.

अशा वेळी पाण्याचा हट्ट सोडावा. मिसळीबरोबर येतो तो पाव घ्या. पाण्यात टाकला तर लगदा. बेकरीच्या प्रयोगशाळांत पावाचं घनफळ मोहरीसारख्या बारीक, गोल बियांनी मोजतात. डबा बियांनी सपाट भरून घ्यायचा, मग रिकामा करून आत पाव ठेवायचा, पुन्हा त्याच बियांनी सपाट भरायचा. ज्या बिया उरल्या तेवढं पावाचं घनफळ. घरी मोहरी किंवा राजगिरा चालतो, फक्त दोन्ही वेळा डबा सारखाच ठोकायचा, नाहीतर बिया घट्ट-सैल बसतात.

द्राक्षाचं काम मात्र पाण्यात झकास होतं, आणि दिंडोरी-निफाडकडच्या बागाईतदारांना ते उपयोगाचंही आहे. मण्याची फुगवण आपण व्यासाने बोलतो, १६ मिलिमीटर झाला, १८ झाला. ऐकायला फरक दोन मिलिमीटरचा. पण मणी गोल धरला तर १६ मिलिमीटरला घनफळ २.१४ घन सेंमी, १८ ला ३.०५. व्यास आठवा हिस्सा वाढला आणि माल चाळीस टक्क्यांहून जास्त. लांबट मण्यांना व्यासाचं हे सूत्र लागत नाही, तिथे पन्नास सुटे मणी बरणीत टाकून पाणी किती चढलं ते बघावं आणि पन्नासने भागावं. एका मण्याची वाढ वाचता येत नाही, पन्नासांची येते.

अखंड घडाचं वेगळं. जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिडच्या, द्रावणात डिपिंग करताना घड मगात शिरतो तेव्हा मण्यांच्या फटींतही द्रावण जातं, त्यामुळे पातळी फक्त मणी आणि देठ यांच्या घनफळाने चढते. पेटीत मात्र घड फटींसकट जागा खातो. लिटरची बरणी सुट्या गोल मण्यांनी भरली आणि मग फटी पाण्याने भरल्या, तर साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त पाणी आत जातं. बांधकामावर ब्रासने खडी घेतो तेव्हा हेच होतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण ते डंपरच्या हौद्याचं माप. त्यातला बराच हिस्सा हवेचा असतो. किती, हे बघायला बादलीभर ओली करून निथळलेली खडी घ्या आणि वरून मोजून पाणी ओता. व्यापाऱ्याशी त्यावरून भांडू नका. फटींसकटचाच भाव ठरलेला असतो.

गंगापूर धरण आणि रामकुंड

आतापर्यंतच्या टाक्यांच्या भिंती सरळ उभ्या होत्या. घरच्या बहुतेक बादल्या वर रुंद होत जातात, हंडा-कळशीचं पोट फुगीर असतं. तिथे खालचा एक सेंटिमीटर आणि वरचा एक सेंटिमीटर सारखे नसतात, म्हणून पट्टी लावून गुणाकार चालत नाही. उपाय जुनाच आहे: एकेक लिटर ओतत जायचं आणि बाहेर खूण करत जायची.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाला हेच मोठ्या प्रमाणावर लागू पडतं. साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांहून जास्त क्षमतेचं हे भांडं दरीच्या उतारांचं आहे. तळाशी निमुळतं, वर पसरट. म्हणून धरणावर पातळी मोजतात आणि साठा तक्त्यातून वाचतात. कुठल्या उंचीला किती साठा, हे सर्वेक्षण करून आधीच मांडलेलं असतं. पावसाळ्याच्या शेवटी 'पातळी फूटभरच वाढली, पण साठा इतका कसा?' असं वाटतं त्याचं कारण हे. गाळ साचतो तेव्हा धरणाच्या बाबतीत आपला दगडाचा प्रयोगच घडतो, फक्त दगड बाहेर काढता येत नाही. पाण्याची जागा गाळ घेतो आणि तक्ता जुना होतो. म्हणून तो मधूनमधून नव्याने करावा लागतो.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की गोदेचा पूर किती मोठा हे जुन्या नाशिककरांना कळतं, पण तीही पातळीच. किती पाणी वाहून गेलं हे त्यावरून थेट निघत नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची चर्चा ऐकताना एक हिशेब करून बघावासा वाटला. गोदावरीतलं स्नानाचं रामकुंड साधारण २७ मीटर लांब, १२ मीटर रुंद. माणसाची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते, त्यामुळे ६५ किलोचा माणूस म्हणजे जवळपास ६५ लिटर. शंभर जणांनी एकदम बुडी मारली तर साडेसहा घनमीटर पाणी सरकणार. ३२४ चौरस मीटरवर पसरलं तर दोन सेंटिमीटर. पण कुंड बंद असेल तरच. नदी वाहती आहे. सरकलेलं पाणी पुढे निघून जातं आणि पातळी धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर ठरते. ही सगळी पद्धत बंद भांड्याची आहे, वाहत्या पाण्यात ती लावू नये.

शेवटी एक कोडं, उत्तरासकट. आपल्या ५० गुणिले ४० च्या टाकीत लोखंडी घमेलं तरंगतंय आणि घमेल्यात तो तीन लिटरचा पाषाण आहे, वजन ८.५५ किलो. दगड उचलून टाकीच्या पाण्यात सोडला, घमेलं तरंगतच आहे. पातळी वर जाईल, खाली, की तशीच? बहुतेक जण 'तशीच' म्हणतात. पण घमेल्यात असताना दगड स्वतःच्या वजनाइतकं, म्हणजे ८.५५ लिटर पाणी सारत होता. तळाशी गेल्यावर फक्त स्वतःच्या घनफळाइतकं, तीन लिटर. फरक ५.५५ लिटर, टाकीच्या २००० चौरस सेंमीवर वाटला तर पातळी पावणेतीन सेंटिमीटरने उतरेल. दगडाऐवजी घमेल्यात तरंगणारा नारळ असता आणि तो पाण्यात टाकला असता, तर पातळी होती तिथेच राहिली असती.